पॉलिसीतून ‘एल अँड डी’त यायचंय? पुण्यातल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

पॉलिसीत, म्हणजे सरकारी धोरणं आणि योजनांच्या प्रकल्पांत, पाच-सात वर्षं काढलेल्या कुणाचा फोन आला की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य येतंच: "ट्रेनिंग तर आम्ही करतच होतो की. क्षमता बांधणी." मीही हेच म्हणायचे. तालुक्याच्या सभागृहात ऐंशी सरपंच आणि ग्रामसेवक, दुपारी पुरी-भाजी, संध्याकाळी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटात क्षमता बांधणीची एक ओळ असायची आणि ती मार्चच्या आत संपवायची असायची.

यातलं काय कंपनीच्या ‘एल अँड डी’त, म्हणजे कर्मचाऱ्यांना शिकवण्याच्या कामात, चालतं आणि काय गेटवरच काढून ठेवावं लागतं, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. पुण्यापुरतंच लिहिते, कारण माझी पायपीट सगळी इथलीच आहे.

पायरी १: आधी कुठलं एल अँड डी ते ठरवा

‘लर्निंग अँड डेव्हलपमेंट’ या एका पाटीमागे पुण्यात निदान तीन-चार वेगळे धंदे चालतात, आणि एकातला माणूस दुसऱ्यात सहज खपत नाही.

चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव हा कारखान्यांचा पट्टा. इथे ट्रेनिंग म्हणजे स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम येतं याचा तक्ता), ओजेटी (काम करता करता शिकणं), सेफ्टी आणि डोजो. डोजो म्हणजे नवीन ऑपरेटरला लाइनवर सोडण्याआधी त्याचा हात बसवण्याची जागा. शिवाय अप्रेंटिस असतात. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांना शिकवणार कोण हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा म्हणजे आयटी आणि परदेशी कंपन्यांची इथली केंद्रं. तिथे नवीन लोकांचं इंडक्शन, पहिल्यांदा मॅनेजर झालेल्यांची बॅच, कम्प्लायन्सचे ऑनलाइन कोर्स, आणि वरच्या मजल्यासाठी लीडरशिप.

तिसरं म्हणजे ई-लर्निंग बनवणाऱ्या कंपन्या. पुण्यात त्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. तिथे ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ लागतो, म्हणजे किचकट मजकूर घेऊन त्याचा शिकण्याजोगा क्रम लावणारा माणूस. चौथे म्हणजे स्वतंत्र ट्रेनर.

पॉलिसीतली जवळपास सगळी मंडळी थेट हिंजवडीतल्या लीडरशिप ट्रेनिंगकडे बघतात. एसी असतो, इंग्रजी असतं, फी बरी असते. माझं मत विचाराल तर तिथे सगळ्यात शेवटी जा. ती खुर्ची वीस वर्षं कंपनीत काढलेल्यांची असते, आणि तुम्ही कधी कुणाचं अप्रेझल केलेलं नसतं. ज्याला लिहिता येतं त्याने कंटेंट कंपनीत शिरावं. ज्याला माणसांत बसायला आवडतं त्याने चाकण गाठावं. गावोगाव हिंडलेल्या माणसाला शॉप फ्लोअर परका वाटत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाचं काय, असंही विचारतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के त्यावर खर्च करावे लागतात, त्यामुळे काम भरपूर असतं. पण ते एल अँड डी नव्हे. ते माहेरच. जायचं तर जा, पण करिअर बदललं असं म्हणू नका.

पायरी २: आधीच्या कामाचं भाषांतर करा

तुमच्या गाठीला बरंच आहे. फक्त ते वेगळ्या नावाने आहे.

सरकारचंच बघा. केंद्राचं राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं, मग २०१२ मध्ये नवीन आलं. त्यात प्रत्येक खात्याने पगाराच्या बजेटपैकी किमान २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असं म्हटलंय. २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर झालं. त्याचा सगळा भर ‘नियमाधारित’कडून ‘भूमिकाधारित’ कामाकडे जाण्यावर आहे: या खुर्चीवरच्या माणसाला नक्की काय काय करता यायला हवं, ते आधी लिहून काढा. कंपनीत याच गोष्टीला कॉम्पिटन्सी मॅपिंग म्हणतात. बाणेर रोडवरच्या यशदामध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, तुम्ही एखाद्या कार्यक्रमासाठी राहिला असाल, तर सरकारी प्रशिक्षणाची शिस्त जवळून पाहिलेली असेल. ती कमी दर्जाची नाही, उलट कागदावर ती बऱ्याच कंपन्यांपेक्षा पक्की असते.

बेसलाइन सर्व्हे आणि गटचर्चा केल्यात? त्याचं इथलं नाव टीएनए, म्हणजे प्रशिक्षणाची गरज शोधणं. लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायची कशी याचा तक्ता, केलाय? मग ट्रेनिंगचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या तुम्हाला एका दुपारी कळतील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने १९५९ मध्ये त्या मांडल्या, आणि आजही कुठल्याही मुलाखतीत त्या निघतातच. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्याने धंद्याला काही फरक पडला का. आपले प्रकल्प अहवाल ‘एकूण ४,२०० लाभार्थी प्रशिक्षित’ इथेच थांबायचे. तो आकडा या चारांपैकी कुठल्याच पायरीत बसत नाही. तो जोत्याखालचा.

सीव्हीचं उदाहरण देते. माझ्या पहिल्या सीव्हीत अशी ओळ होती: ‘पंचायत राज संस्थांच्या बळकटीकरणासाठी बहुभागधारक क्षमता बांधणी उपक्रमाचे समन्वयन.’ एका एचआर मॅनेजरने ती दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही काय करत होता?" तीच ओळ नंतर अशी झाली: ‘ग्रामपंचायत सदस्यांसाठी दोन दिवसांचा कोर्स डिझाइन केला, बारा ट्रेनर तयार केले, तीन महिन्यांनी गावात जाऊन आराखडा खरंच बनला का ते तपासलं.’ काम तेच. दुसऱ्या ओळीत क्रियापदं आहेत एवढाच फरक.

पायरी ३: कसब शिका, पण सर्टिफिकेटच्या मागे धावू नका

एडीडीआयई नावाची पद्धत समजून घ्या: गरज बघा, आराखडा करा, साहित्य बनवा, राबवा, तपासा. १९७० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी ती बांधली गेली. प्रौढ माणूस कसा शिकतो यावरचं माल्कम नोल्सचं म्हणणं वाचा. आणि एबिंगहाउसचा विसरण्याचा आलेख पाहा. हा जर्मन माणूस १८८५ च्या सुमारास स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून किती विसरतो ते मोजत बसला होता. एका दिवसात सगळं कोंबणारा कार्यक्रम का वाया जातो, हे त्या एका आलेखावरून कळतं.

साधनांपैकी एक एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, हाताखालून जाऊ द्या. मूडल फुकट आहे, स्वतःच्या लॅपटॉपवरही चढवता येतं. कंटेंट कंपनीत जायचं असेल तर आर्टिक्युलेट स्टोरीलाइन हे ई-लर्निंग बनवायचं सॉफ्टवेअर यायला हवं. ते महाग आहे, पण चाचणीसाठी काही दिवस फुकट मिळतं. ते दिवस मोकळे काढून मगच सुरू करा.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात: इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही संस्था १९७० पासून आहे आणि तिचा डिप्लोमा या क्षेत्रात ओळखला जातो. एक करायचं तर तो करा. वीकेंडला हॉटेलात दोन दिवसांत ‘मास्टर ट्रेनर’ करून देणाऱ्यांना पैसे देण्याआधी त्यांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून चहा पाजा.

पायरी ४: एक नमुना बनवा, आणि तो लहान ठेवा

मुलाखतीत ‘तुमचं काम दाखवा’ असं म्हणतात. प्रकल्प अहवाल दाखवू नका. त्याऐवजी एक असं काम निवडा जिथे कायदा वाचण्याची तुमची सवय उपयोगी पडेल. माझी शिफारस पॉश कायद्याची आहे, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती लागते, आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यामुळे मागणी कायम असते. बाजारात मिळणारे बहुतेक कार्यक्रम मात्र कायद्याची कलमं स्लाइडवर चिकटवून मोकळे होतात.

तुम्ही समितीच्या सदस्यांसाठी नव्वद मिनिटांचं सत्र बनवा. पहिलं वाक्य लिहायचं ते उद्दिष्टाचं. आपल्या हाताला सवय असते ‘सदस्यांना कायद्याची माहिती होईल’ असं लिहायची. खोडा. माहिती झाली की नाही हे दिसत नाही. त्याऐवजी: ‘तक्रार हातात आल्यावर कुठल्या तारखेपर्यंत काय व्हायला हवं, हे सदस्य कॅलेंडरवर मांडून दाखवतील.’

आता सत्र आपोआप उभं राहतं. प्रत्येक टेबलावर एक भिंतीवरचं कॅलेंडर ठेवा, आपलं साधं पंचांगाचं चालेल. एक काल्पनिक तक्रार द्या, तारखेसकट. घटना घडून तीन महिन्यांच्या आत तक्रार आली आहे का, ते बघा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सात कामकाजी दिवसांत प्रत गेली पाहिजे, त्याचं उत्तर दहा कामकाजी दिवसांत आलं पाहिजे. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि त्यावर मालकाची कारवाई साठ दिवसांत. मध्ये गणपतीची सुट्टी आणि दिवाळी येईल अशीच तारीख निवडा. मग बघा, समितीवर दोन वर्षं असलेली माणसंही कामकाजी दिवस मोजताना कशी अडखळतात. तिथेच शिकणं होतं. शेवटी एक पान द्या, मराठीत, ड्रॉवरमध्ये ठेवण्यासाठी: ‘तक्रार आली. आज काय करायचं?’

हे एक पान आणि सत्राचा दोन पानी आराखडा, एवढाच तुमचा पोर्टफोलिओ पुरतो. दुसरा नमुना करायचाच असेल तर कामगार संहिता घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. ‘नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं म्हणजे कंत्राटदाराच्या माणसांनाही का?’ असे प्रश्न सुपरवायझर विचारतात, आणि त्यांना समजेल अशा भाषेत उत्तर देणारी माणसं थोडी आहेत. राजपत्र वाचून त्याचा अर्थ काढणं हे तर तुमचं रोजचं काम होतं.

पायरी ५: ट्रेनिंग हवंय का, हे आधी विचारा

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण पॉलिसीतून येणाऱ्याची खरी किंमत इथे आहे असं मला वाटतं.

चाकणजवळच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर चुकीच्या लांबीचा बोल्ट बसत होता. दर आठवड्याला चार-पाच नग परत यायचे. मला निरोप आला: ऑपरेटरांसाठी दोन तासांचं ‘क्वालिटी अवेअरनेस’ घ्या, शिफ्ट सुटल्यावर. मी म्हटलं, आधी एक दिवस लाइनजवळ उभी राहते. सेफ्टी शूज माझ्या मापाचे नव्हते, एक नंबर मोठे घालून दिवसभर फटक-फटक चालले.

पहिल्या शिफ्टला काहीच चुकलं नाही. दुसऱ्या शिफ्टला, चहानंतर, स्टोअरचा मुलगा माल भरायला आला. २५ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर असे दोन बोल्ट, दोन्ही निळ्या क्रेटमध्ये, शेजारी शेजारी. त्याने क्रेट ठेवले ते लेबल भिंतीकडे करून, कारण कडी त्या बाजूला होती. ऑपरेटर दादा हाताच्या अंदाजाने उचलत होते. मी त्यांना म्हटलं, यातला पंचवीसचा कुठला? त्यांनी एक बोल्ट तळहातावर घेतला, न बघता सांगितला, आणि बरोबर सांगितला.

म्हणजे माणसाला येत होतं. आपल्या धंद्यात एक जुनी कसोटी आहे: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमणार असेल तर ट्रेनिंग हे उत्तर नाही. अडचण क्रेटमध्ये असते, उजेडात असते, टार्गेटमध्ये असते, किंवा साहेबाच्या तोंडात. दादांना दोन तास गुणवत्तेचं महत्त्व सांगणं म्हणजे म्हशीचं दुखणं आणि पखालीला इंजेक्शन.

मी एक पानाची नोट दिली: ३० मिलिमीटरचा क्रेट पिवळा करा, लेबल दोन्ही बाजूंना लावा. खर्च किरकोळ. सुपरवायझर वाचून म्हणाले, "ते करतो मॅडम, पण ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकाचं काय? ऑडिटला दाखवायचंय."

त्यांचंही चूक नव्हतं. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या कलम ७.२ मध्ये माणसं सक्षम आहेत याचा पुरावा ठेवायला सांगितलंय, आणि बहुतेक ठिकाणी पुरावा म्हणजे हजेरीपत्रक असंच समजतात. कलमात तसं म्हटलेलं नाही. सक्षम बनवण्यासाठी जे केलं त्याचा परिणाम तपासा, असं म्हटलंय. मी त्यांना दुसरा कागद करून दिला: लाइनवर प्रत्येक ऑपरेटरला दोन मिनिटं दोन्ही बोल्ट ओळखायला लावायचे आणि सही घ्यायची. ऑडिटला तो चालला. माझी दोन तासांची फी मात्र गेली, कारण सत्रच झालं नाही. पुढचं काम त्याच कारखान्यातून यायला पाच महिने लागले. नवख्या माणसाला हे पाच महिने परवडतातच असं नाही, म्हणून आता मी सत्राच्या आधी ‘गरज तपासणी’ म्हणून एका दिवसाची फी वेगळी लावते. तुम्ही पहिल्याच कोटेशनमध्ये लावा.

पॉलिसीत आपण हेच शिकतो ना? योजना पोहोचत नाही म्हटलं की जागृती शिबिर नको, आधी अर्जाचा फॉर्म बघा, खिडकी किती वाजता उघडते ते बघा. कंपनीतल्या ट्रेनिंग विभागात हा प्रश्न विचारायला फारसं कुणी मोकळं नसतं, कारण वर्षाचं कॅलेंडर आधीच भरलेलं असतं.

पायरी ६: सवयी ज्या सोडाव्या लागतील

हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या सत्राला ६४ स्लाइड होत्या. त्यातल्या पहिल्या अकरा ‘पार्श्वभूमी’. सत्र सहा वाजता संपायचं होतं, सहा दहाला मी ‘आव्हाने आणि पुढील दिशा’वर होते, आणि कंपनीची बस सहा पंधराला सुटायची. खोलीत तिघं उरले. त्यातले दोघं स्वतःच्या गाडीने येणारे होते.

तेव्हा: पार्श्वभूमी काढा. बसची वेळ आधी विचारा, शिफ्टची वेळ विचारा, कॅन्टीन कधी उघडतं ते विचारा. वाक्यं लहान करा. ‘भागधारक’ म्हणू नका, माणसाचं नाव किंवा हुद्दा घ्या. लाइनवर मराठी-हिंदीची सरमिसळ चालते, तिथे शुद्ध मराठीचा आग्रह धरू नका, पण मराठीत बोलायची लाजही वाटू देऊ नका. इंग्रजी वर्क इन्स्ट्रक्शनचं नीट मराठी करून देणारा माणूस कारखान्यात लगेच सगळ्यांच्या ओळखीचा होतो.

आणि निकालाची घाई सहन करायला शिका. धोरणाचा परिणाम पाच वर्षांनी मोजतात. इथे शुक्रवारी सत्र झालं की सोमवारी विचारतात, काय फरक पडला.

पायरी ७: दार कुठून उघडायचं

जाहिरातीवर अर्ज करून पहिलं काम मिळणं अवघड आहे. सोपा रस्ता म्हणजे एखाद्या अनुभवी ट्रेनरबरोबर सहायक म्हणून जाणं: चार्ट लावणं, गटात बसणं, एखादा अर्धा तास स्वतः घेणं. पहिल्या दोन-तीन वेळा पैसे कमी घ्या, पण अगदी फुकट जाऊ नका. फुकट आलेल्याला कुणी सत्र देत नाही, फक्त प्रोजेक्टर जोडायला लावतात.

मुलाखतीत दोन प्रश्न नक्की येतात. पहिला: "कॉर्पोरेटचा अनुभव नाही?" यावर बचाव करू नका. सभागृहात वीज गेली, आमदार दोन तास उशिरा आले, आणि तरीही ऐंशी माणसांचं सत्र पार पाडलं, असा एक प्रसंग तपशिलासकट सांगा. दुसरा: "परिणाम कसा मोजाल?" इथे तुम्ही बाकीच्या उमेदवारांच्या पुढे आहात. हॅपी शीटच्या, म्हणजे सत्र संपल्यावर भरून घेतात त्या ‘आवडलं का’च्या फॉर्मच्या, पलीकडे काय बघाल ते सांगा, आणि तुलनेसाठी एक बॅच ट्रेनिंगशिवाय मागे ठेवता येईल का असं उलट विचारा. पगार सुरुवातीला उतरू शकतो. माझा उतरला होता, आणि घरी ते सांगताना बरीच ‘पुढे स्कोप आहे’ची भाषा वापरावी लागली.

पायरी ८: पैशाचा व्यवहार, फ्रीलान्स जाणाऱ्यांसाठी

कोटेशनमध्ये तयारीचे दिवस, प्रवास आणि साहित्य वेगवेगळं लिहा. पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय सत्राला जाऊ नका, एचआरच्या मॅडम कितीही गोड बोलल्या तरी. व्यावसायिक फीवर कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. तो रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो, पण हातात पैसे कमी येतात हे धरूनच महिना आखा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात करून टाका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. अकाउंट्सवाल्यांची नजर तिथे बरोबर जाते. नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन होते, फुकट होते. त्यासाठी दीड-दोन हजार मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांना फॉर्म भरून देऊ नका.